पुरवणीतल्या लेखाला चित्र कोणतं लावायचं? (निमित्त: ऊसतोडीवरचा लेख)

पानलाव्या

एका जिल्हा दैनिकाची रविवार पुरवणी बघतो. चार पानं, दोन माणसं आणि जाहिरात विभागाकडून अर्ध्या दिवसापुरता उसना मिळणारा आर्टिस्ट. लेख येतात, शीर्षकं सुचतात, शुद्धलेखनाचं मारून नेता येतं. पान अडतं ते चित्रापाशी. शुक्रवारी संध्याकाळी मजकूर ओतून झाला की मधोमध चार कॉलमचा पांढरा चौकोन उरतो आणि मग सुरू होतं, "गुगलवर बघ ना काहीतरी."

या रविवारचा मुख्य लेख बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढण्यावर आहे. विषय २०१९ मध्ये गाजलेला. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीच्या पाहणीत ८२,३०९ महिलांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली होती. आमची लेखिका त्याच भागातल्या वस्त्यांवर पुन्हा जाऊन आली आहे. उचल, खाडा, मुकादम, दवाखान्याचा खर्च, सगळं नीट बैजवार लिहिलंय.

आता चित्र. आमच्या छायाचित्रकाराचा एक झकास फोटो पडून आहे: डोक्याला फडकं, हातात कोयता, कॅमेऱ्याकडे बघून मनमोकळं हसणारी तिशीतली बाई. उजेड असा पडलाय की पहिल्या पानावर लावावा. दुसरा उसाच्या फडाचा, लांबून काढलेला, माणसं मुंगीएवढी. तिसरा दवाखान्याच्या पाटीचा, तो बादच, कारण पाटीवर डॉक्टरचं नाव आहे. संपादक म्हणतात पहिला लावा आणि खाली 'प्रातिनिधिक छायाचित्र' टाका. माझं मन घेत नाही. पण का घेत नाही ते त्यांना पटेल असं सांगता येत नाहीये. तुम्ही काय लावाल?

चिंचोके

पहिला नकोच. बाकी जाणकार येतीलच. मी पॉपकॉर्न घेऊन बसलो.

अण्णा माजलगावकर

नका लावू. आमच्याकडं पेपर येतो मोजका, पण पानाचा फोटो काढून दुपारपर्यंत सगळ्या ग्रुपला गेलेला असतो. वर मोठ्या अक्षरात गर्भपिशवी आणि खाली ओळखीची बाई. 'प्रातिनिधिक' ते बारीक अक्षरातलं कोण वाचतंय? तिची पिशवी काढलीय का नाही यावर पारावर चर्चा सुरू. ती तिकडं कोल्हापूर-सांगलीकडं फडावर, तिला पत्ता पण नसतो. आणि समजा खरंच काढलेली असली, सासरी सांगितलेलं नसलं, मग?

तिनं फोटो काढू दिला तो ऊस तोडतानाचा. दवाखान्याच्या लेखासाठी नाही दिला.

सावनी_क

अण्णांशी सहमत, तरी एक गोष्ट खटकते. चेहरा नको म्हटलं की पुरवण्यांकडे एकच पर्याय उरतो: खिडकीपाशी पाठमोरी बाई, मोकळे केस, गुडघ्यात डोकं, मागून निळसर उजेड. घरगुती हिंसा असो, नैराश्य असो की पीसीओडी, बाई तीच आणि खिडकीही तीच. हसणारी ऊसतोड बाई छापली तर बिघडलं कुठे? जिची पिशवी काढली ती हसत नाही का? माझा आग्रह एवढाच की तिला विषय सांगा, लेख वाचून दाखवा, हो म्हणाली तर नावासकट छापा. चेहरा पुसून (ते चौकोनी ठिपके टाकून) मात्र नका छापू. तसे चेहरे आपण पोलिसांच्या गाडीतून उतरणाऱ्यांचे बघतो.

पानलाव्या

@सावनी_क, पटतंय. पण फोटो दोन हंगामांपूर्वीचा आहे, छायाचित्रकाराने नाव-गाव टिपलेलं नाही. विचारणार कुणाला?

सावनी_क

मग विषयच मिटला. नाव माहीत नसलेल्या माणसाचा चेहरा आजाराच्या लेखाला लावायचा नाही. संपादकांना हेच वाक्य सांगा.

ट्रेडल

चाळीसेक वर्षे छपाईत काढली, म्हणून थोडे जुने सांगतो. खिळ्यांच्या (शिशाच्या सुट्या अक्षरांच्या) काळात चित्र म्हणजे ब्लॉक. जस्ताचा पत्रा ॲसिडमध्ये खाऊन काढायचा आणि लाकडी ठोकळ्यावर ठोकायचा. फोटोचा हाफटोन ब्लॉक महाग, रेषेच्या चित्राचा लाइन ब्लॉक स्वस्त. शिवाय त्या काळच्या कागदावर हाफटोनचे ठिपके एकमेकांत मिसळून चेहऱ्याचा काळा गोळा व्हायचा, रेष मात्र स्वच्छ उठायची. मराठी नियतकालिकांत रेखाटनकारांची जी थोर परंपरा झाली, दलाल, मुळगावकर, गोडसे, सरवटे, फडणीस, तिच्यामागे त्यांची प्रतिभा होतीच, पण ब्लॉकमेकरचे बिलही होते.

पुढाऱ्यांच्या अर्ध्या कॉलमच्या ब्लॉकांचे एक कपाट असे. नवा ब्लॉक करायला खर्च, म्हणून तोच वर्षानुवर्षे चाले. माणूस तीनदा आमदार होऊन म्हातारा झाला तरी पेपरात त्याचे केस काळेच. 'संग्रहित छायाचित्र' ही तुमची सोय त्या कपाटातूनच आलेली आहे.

तुमच्या लेखाला माझे मत रेखाटनाला. चेहरा कुणाचाच नाही, त्यामुळे अण्णांची अडचण सुटते.

शून्यप्रहर

एवढा काथ्याकूट कशाला? एआयला सांगा, अर्ध्या मिनिटात चित्र. कुणाचा चेहरा नाही, कुणाची परवानगी नाही, मानधन नाही. हे बघा, आत्ताच काढलं. (चित्र डकवलं आहे.)

अण्णा माजलगावकर

बघितलं. ऊस आहे का मका? पानं मक्याची दिसतात. बाईच्या हातात विळा आहे, कोयता नाही. आणि ती ऊस कमरेएवढ्यावर तोडते आहे! ऊस जमिनीलगत तोडतात हो, साखर बुडख्यात जास्त असते. वर तोडला तर मुकादम आणि स्लिपबॉय (कारखान्याचा माणूस) दोघं अंगावर येतील. मागच्या बैलगाडीचे बैल जुवाला बांधलेलेच नाहीत, नुसते शेजारी चालत आहेत. फिरायला निघाल्यासारखे.

चिंचोके

बैलांना कमळाची फुलं पण घातलीयेत. पोळा आणि पट्टा पडणं (कारखान्याचा हंगाम संपणं) एकाच दिवशी.

शून्यप्रहर

बारकावे सुधारता येतात, पुढच्या आवृत्तीत बरोबर येईल. शहरातल्या वाचकाला कुठे कळतंय?

रेघोट्या

@शून्यप्रहर, शहरातल्या वाचकाला कळत नाही, तंतोतंत म्हणूनच चूक खपते आणि पसरते. आषाढीला असली चित्रं ढिगाने बघितली. विणेकऱ्याच्या हातात सतार, टाळ चपटे ताटलीसारखे, आणि भगव्या पताकेवर देवनागरीसारखं दिसणारं काहीतरी जे कुठल्याच भाषेत नाही. लेखकाने अशी चूक शब्दांत केली असती तर उपसंपादकाने लाल पेन चालवलं असतं. चित्र म्हटलं की सगळे सोडून देतात.

मी वीसेक वर्षं पुरवण्यांसाठी चित्रं काढतोय. या लेखाला काय काढायचं नाही ते आधी सांगतो, कारण तुमचे संपादक हमखास तेच मागतील: गर्भाशयाचा आकार आणि त्यावर कोयता. किंवा उसाच्या कांडीतून रक्त. हे रूपक पहिल्या मिनिटाला सुचतं, म्हणून ते सोडायचं. शीर्षकात जे आलं तेच चित्राने ओरडून सांगितलं तर वाचक लेख न वाचताच पान उलटतो, त्याला वाटतं कळलं सगळं. शिवाय ते अन्यायाचंही आहे. पिशवी कोयत्याने काढली नाही, दवाखान्यात, फी घेऊन काढली. तुमची लेखिका त्या व्यवहारावर लिहितेय आणि चित्र सांगणार की ऊस दोषी!

मी काय करतो सांगतो. लेख दोनदा वाचतो आणि लेखकाने जाताजाता सांगितलेल्या वस्तू वेगळ्या कागदावर लिहितो. मुख्य मुद्दा नाही, वस्तू. तुमच्या लेखात अशा काय आहेत?

पानलाव्या

@रेघोट्या, लेखातून उचलून देतो: पाचटाची कोप (झोपडी), आत एकावर एक ठेवलेले पत्र्याचे डबे. पहाटे तीनला पेटलेली चूल. वाढ्यांचे (उसाच्या हिरव्या शेंड्यांचे) भारे, संध्याकाळी विकायला. मुकादमाची वही, तिच्यात खाड्यापुढे लाल फुली. डोकी सेंटरच्या बायका डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढतात, त्याचं एक लांब वर्णन आहे. पाळीच्या दिवसांतही हेच, कारण खाडा झाला तर पैसे कापतात, म्हणून पुढे दवाखान्यात "काढूनच टाका" म्हणणं सोपं जातं, असा लेखिकेचा धागा आहे.

रेघोट्या

मग चित्र तुमच्या हातात आहे की! फळी. अरुंद, तिरकी, तिच्यावर पाठमोरी बाई, डोक्यावर मोळी. चेहरा दिसायचा प्रश्नच नाही, मोळीने झाकलाय. सावनीताईंची खिडकी पण नाही, कारण ही बाई पाठमोरी आहे ती कामामुळे, दुःखाची पोज म्हणून नाही. गर्भपिशवी कुठेही दाखवायची नाही. वाचक चित्र बघेल, लेख वाचेल आणि पुन्हा चित्राकडे येईल.

किंवा वहीचं पान. पण ते दुसऱ्या अंगाला, छोटं.

सावनी_क

वही जास्त आवडली मला. फळीचं चित्र शेवटी कष्टकरी बाईचं गौरवचित्र होईल अशी भीती वाटते. वही थेट पैशांवर बोट ठेवते.

रेघोट्या

बरोबर आहे, फळी सुंदर काढली तर गौरवच होईल. म्हणून ती खालून नाही काढायची. खालून काढली की बाई देवी होते, मागे आभाळ येतं. ट्रकमध्ये उभं राहून वरून बघितल्यासारखी काढायची. मग दिसते ती फळीची रुंदी, आणि खाली चिखल.

काळी कसदार

धाग्याच्या विषयाला धरूनच एक तक्रार. शेतीवरचा लेख म्हटला की भेगाळलेली जमीन आणि आभाळाकडे बघणारा म्हातारा. आमची काळी माती पाणी प्यायली की फुगते आणि वाळली की आकसते, तिच्यातल्या चिकणमातीचा तो गुणच आहे. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा दर साल पडतात, चांगल्या पावसाच्या वर्षानंतरही. वरची माती भेगांत पडून आपोआप उलथापालथ होते, म्हणून तर तिला स्वतःची नांगरट स्वतः करणारी म्हणतात. त्या भेगा दुष्काळ म्हणून छापता! आणि पुष्कळदा तो फोटो शेताचा नसतोच, आटलेल्या तलावाच्या गाळाचा असतो. त्या गाळाला भाव आहे, ट्रॉलीने नेतात लोक.

दुष्काळ दाखवायचा तर चारा छावणीतली दावण दाखवा, टँकरखाली लावलेल्या घागरींची रांग दाखवा.

चिंचोके

वाचनखूण साठवली. यात भर: दहावीच्या निकालाला उड्या मारणाऱ्या मुली (मुलगे नापासच होत असावेत), पावसाला मरीन ड्राइव्ह, वारीला दिवेघाट.

मांडवीकाठचा

आमच्या गोव्याचे पण लिहा त्यात. लेख खाणींवर असो, कोंकणी-मराठी वादावर असो की फोंड्याच्या देवळांवर, फोटो पणजीतल्या फोंतेन्हास वस्तीच्या पिवळ्या-निळ्या भिंतीचा. तिथे राहणारे लोक फोटोवाल्यांना वैतागले आहेत, त्याच्या बातम्या झाल्या, आणि त्या बातमीला पण तोच फोटो! व्यंगचित्रकार मारियो मिरांडांनी लोटलीच्या आपल्या घरात बसून गावची माणसं काढली, पाद्री, भाटकार (जमीनदार), पोदेर (पाववाला), टाव्हेर्नातली (दारूच्या गुत्त्यातली) मंडळी. त्यांच्या एका चित्रात पन्नास माणसं असायची आणि प्रत्येकाचं काहीतरी वेगळं चालू असायचं. हल्ली त्यातली नक्कल करून चहाच्या कपावर छापतात ते सोडा. पण वर्तमानपत्राच्या चौकोनात एवढी वस्ती मावते हे त्यांनी दाखवलं.

नियमात_बसतं_का

पेशाने वकील, पण हा सल्ला नव्हे. 'छायाचित्र सौजन्य: गुगल' असं छापणाऱ्यांना कळावं म्हणून. गुगल फोटो फक्त शोधून दाखवतं, ते त्याच्या मालकीचे नसतात. २०१२ च्या दुरुस्तीनंतर आपल्याकडे फोटोचा कॉपीराइटही छायाचित्रकाराच्या हयातीत आणि नंतर ६० वर्षं चालतो. विकिमीडिया कॉमन्सवरचं फुकट म्हणजे बिनशर्त नाही, बहुतेक ठिकाणी काढणाऱ्याचं नाव आणि परवान्याचा प्रकार छापावा लागतो. चित्रकाराने हक्क लिहून दिले आणि मुदत लिहायची राहिली, तर कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ प्रमाणे ते पाच वर्षांपुरतेच धरतात. रेघोट्या, तुमच्या कामाचं!

चित्र निवडताना दोन ठिकाणी थेट गुन्हा होऊ शकतो. लहान मुलांवरच्या अत्याचाराच्या लेखात पॉक्सोच्या कलम २३ मुळे मुलाची ओळख पटेल असं काहीच चालत नाही, नुसता चेहरा नव्हे, घर, शाळा, शेजारसुद्धा. आणि भारताचा नकाशा. सर्व्हे ऑफ इंडियाच्या नकाशाशी न जुळणारा नकाशा छापला तर सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. पुरवणीत सजावटीला म्हणून कुठल्या तरी परदेशी साइटवरून उचललेला नकाशा टाकतात, काश्मीर अर्धवट असतं आणि कुणाच्या लक्षात येत नाही.

भटकी_लेन्स

सजावटीला उचललेलं म्हणालात म्हणून. माझा रायगडाच्या पायथ्याच्या एका वाडीतला म्हातारीचा फोटो एका दैनिकाने न विचारता 'वृद्धाश्रमांची वाढती गरज' या लेखाला लावला होता. पाच नातवंडांच्या घरात राहते ती. तिच्या मुलाने मला फोन करून जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. दैनिकाला पत्र लिहिलं, उत्तर आलं नाही.

ट्रेडल

ह्यावरून २००२ चे आठवले. गुजरात दंगलीत हात जोडून उभा असलेला, डोळ्यांत पाणी असलेला तो तरुण. रॉयटर्सच्या अर्को दत्तांनी काढलेला फोटो जगभर गेला. बातमी म्हणून तो छापणे योग्यच होते. पण पुढे वर्षानुवर्षे दंगल हा शब्द आला की तो चेहरा, मग निवडणुकीच्या प्रचारात तो चेहरा. माझा फोटो वापरू नका, असे त्या माणसाला जाहीरपणे सांगावे लागले. घटना घडून जाते, चित्र मात्र कपाटातला ब्लॉक होऊन बसते.

इतिहासाच्या लेखांत वेगळीच गंमत. शिवाजी महाराजांचे म्हणून एके काळी जे चित्र छापले जाई ते दुसऱ्याच एका सरदाराचे होते. इतिहाससंशोधक वा. सी. बेंद्रे यांनी १९३३ मध्ये महाराजांचे अस्सल चित्र पुढे आणले तेव्हा ते थांबले. तेव्हा फोटोओळीत चित्र कुणी, केव्हा काढले हे लिहीत जा. कल्पनाचित्र असेल तर तसे लिहा. तुकोबांना समोर बसवून कुणी चित्र काढलेले नाही.

पानलाव्या

सगळ्यांचे आभार. संपादकांना अण्णांचा प्रतिसाद आणि सावनीताईंचं वाक्य, दोन्ही दाखवलं. अर्धा तास वाद झाला. शेवटी ते म्हणाले, "चेहरा नको, पण चित्र मोठं पाहिजे." रेघोट्यांना निरोपातून विचारलं आणि त्यांनी एका रात्रीत दिलं. फळी, वरून बघितलेली. वहीचं पान मी आतल्या चौकटीला वापरतोय, खाड्याचा हिशेब तिथेच आहे.

एक तांत्रिक प्रश्न: चित्र त्यांनी व्हॉट्सॲपवर पाठवलंय, चार कॉलमला पुरेल का?

ट्रेडल

व्हॉट्सॲप लांब बाजू साधारण १६०० पिक्सेलवर आणते. वर्तमानपत्राला इंचाला २०० पिक्सेल पुरतात, म्हणजे आठ इंच, वीस सेंटिमीटर. चार कॉलम त्यात बसतात. पण दाबून पाठवल्यामुळे रेषेच्या कडेला कुसळे येतात, ती छपाईत दिसतात. 'डॉक्युमेंट' म्हणून पुन्हा मागवा.

आणि राखाडी छटा असतील तर त्या उजळ करून घ्या. आपला कागद ४५ ग्रॅमच्या आसपासचा, शाई पितो. ठिपका छापताना पसरतो, स्क्रीनवर मध्यम राखाडी दिसते ते कागदावर गडद येते. बाईची पाठ आणि चिखल एक होऊन बसतील. रंगीत पान असेल तर चारही शाया मिळून २४० टक्क्यांच्या वर जाऊ देऊ नका, नाहीतर मागच्या पानावर उमटेल.

रेघोट्या

डॉक्युमेंट पाठवतो. एक विनंती: चित्र उलटं करू नका. बाई डावीकडे चढतेय, म्हणजे पानाच्या बाहेर, म्हणून ले-आउटवाल्याला हात शिवशिवतील. पदर डाव्या खांद्यावर आहे, आरशातल्यासारखं फिरवलं की उजव्यावर जाईल आणि बायका पहिल्या नजरेत पकडतील. चित्र पानाच्या उजव्या अंगाला घ्या, ती मजकुराकडे चढेल.

चिंचोके

अवांतर: आमच्या गावच्या पेपरने गणेशोत्सवात गणपती असाच उलटा केला होता. डाव्या सोंडेचा उजव्या सोंडेचा झाला. दिवसभर फोन. सोवळं-ओवळं पाळलं नाही म्हणून काही अनिष्ट झालं तर जबाबदार कोण, असं एका आजोबांनी लेखी विचारलं होतं.

पानलाव्या

पान गेलं. उजव्या अंगाला, उलटं न करता, खाली 'रेखाटन:' लिहून रेघोट्यांचं नाव. वेबसाइटवाल्यांनी मात्र आडव्या चौकटीत बसवायला वरून कापलं, मोळी गेली आणि उरली नुसती वाकलेली बाई. फोन करून दुरुस्त करून घेतलं, तरी सकाळचे तीन तास तसंच फिरलं. यापुढे वेबसाठी आडवं चित्र वेगळं मागावं का?

रेघोट्या

मागा. चौकट आधी सांगितली तर दोन्हींत बसेल असंही काढता येतं. फक्त आडव्याचं मानधन उभ्यातच धरू नका. उभ्याचं व्हाउचर गेलं का?

पानलाव्या

लेखा विभागात गेलंय.

चिंचोके

रेघोट्या, दिवाळी अंकाची चित्रं करायला घ्या तोवर.